बॉक्स एचडी, टीव्ही एचडी, तरी चित्र धूसर का?

भिंतीवर नवा मोठा टीव्ही आहे, एचडी वाहिन्यांचे पैसे दर महिन्याला जात आहेत, आणि तरीही खेळाडूच्या पाठीवरचं नाव नीट वाचता येत नाही. अशा वेळी राग निघतो तो टीव्हीवर नाहीतर केबलवाल्यावर. पण आधी टीव्हीच्या मागे डोकावून बघा. सेट-टॉप बॉक्सपासून टीव्हीपर्यंत पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन पिनांची वायर आलेली असेल, तर दोष बहुधा तिथेच आहे. एचडीचा बॉक्स आणि एचडीचा टीव्ही यांच्यामध्ये ती वायर असेपर्यंत पडद्यावर एचडी चित्र उमटणं शक्यच नाही.

हे असं का होतं ते समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. वाहिनीचं चित्र बॉक्सपर्यंत अंकांच्या रूपात येतं, तेही खूप दाबून लहान केलेलं. बॉक्स ते उलगडतो आणि एकेका पिक्सेलचा, म्हणजे चित्रातल्या एकेका बारीक ठिपक्याचा, रंग ठरवतो. सपाट टीव्हीचा पडदासुद्धा पिक्सेलांचाच बनलेला असतो. म्हणजे वाटेच्या दोन्ही टोकांना अंकच आहेत. प्रश्न आहे तो मधल्या मीटर-दीड मीटरचा. तिथे चित्राचं रूप बदलावं लागलं, म्हणजे अंकांच्या विद्युतलहरी कराव्या लागल्या, मोठं चित्र छोटं करावं लागलं, छोटं पुन्हा ताणावं लागलं, तर दर बदलात थोडा तपशील गळतो. एकदा गळलेला तपशील पुढचं कोणतंही यंत्र परत आणू शकत नाही. म्हणून वायर निवडताना आणि मेन्यूतलं कुठलंही सेटिंग बदलताना मी एवढंच विचारतो: या चित्राला वाटेत किती वेळा रूप बदलावं लागतंय?

पिवळ्या पिनेत काय अडकतं

त्या पिवळ्या पिनेतून जाणाऱ्या सिग्नलला कॉम्पोझिट म्हणतात. त्याची मुळं जुनी आहेत. अमेरिकेत १९५३ साली रंगीत प्रक्षेपणासाठी एनटीएससी मानक मंजूर झालं, तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते. रंगीत कार्यक्रम त्यांच्यावरही दिसायला हवा होता, आणि प्रत्येक वाहिनीला मिळणारी जागाही वाढवून मिळणार नव्हती. मग अभियंत्यांनी रंगाची माहिती एका ठरावीक कंपनसंख्येवर चढवली आणि ती उजेड-अंधाराच्या सिग्नलमध्येच मिसळून टाकली. एनटीएससीमध्ये ही कंपनसंख्या ३.५८ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीत वाल्टर ब्रुख यांनी विकसित केलेल्या आणि १९६७ पासून प्रक्षेपणात आलेल्या पाल पद्धतीत ती ४.४३ मेगाहर्ट्झ आहे. जुना संच रंगाकडे दुर्लक्ष करायचा, नवा संच तो वेगळा काढायचा. त्या काळाचा विचार केला तर ही युक्ती विलक्षण होती, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण मिसळलेलं पुन्हा पूर्ण वेगळं होत नाही. निवेदकाच्या अंगात बारीक रेघांचा शर्ट असेल, तर त्या रेघांमुळे सिग्नलमध्ये उठणारी बारीक कंपनं नेमकी रंगाच्या कंपनसंख्येजवळ जातात. टीव्हीला वाटतं, हा रंगच आहे. मग शर्टावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे नाचू लागतात. उलट गडद लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडेला रंगाची माहिती उजेडात घुसते आणि तिथे बारीक ठिपके सरपटताना दिसतात. चांगल्या टीव्हीतली गाळणी हे दोष बरेच कमी करते, पण समूळ घालवू शकत नाही.

याहून मोठी अडचण आकाराची आहे. या पिनेतून फक्त जुन्या साध्या दर्जाचं चित्र जातं, म्हणजे देशानुसार ५७६ किंवा ४८० रेषांचं. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० पिक्सेल. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल असतात. बरोबर पाचपट. तुम्ही एचडी वाहिनी लावलीत आणि वायर पिवळी असली, तर दर पाचातले चार पिक्सेल बॉक्स स्वतःच्याच दारात टाकून देतो. उरलेल्या एकाच्या लहरी करतो, त्यात रंग मिसळतो आणि पुढे पाठवतो. टीव्ही रंग वेगळा काढतो, लहरींचे पुन्हा अंक करतो आणि ते छोटं चित्र ताणून पडदाभर पसरवतो. पडदा फोरके, म्हणजे पूर्ण एचडीच्या चौपट पिक्सेलांचा असेल, तर त्याला ८२,९४,४०० पिक्सेल भरायचे असतात, म्हणजे मूळ एकाचे वीस करायचे असतात. चेहरे मेणासारखे गुळगुळीत आणि गवत हिरव्या रंगाच्या फटकाऱ्यासारखं दिसतं ते यामुळे.

जुन्या काचेच्या, फुगीर पडद्याच्या संचावर हेच चित्र चांगलं दिसायचं, ही आठवण खोटी नाही. तो पडदा लहान होता, त्याच सिग्नलसाठी बनवलेला होता आणि त्याला काही ताणावं लागत नव्हतं. आजही तसा संच असेल तर पिवळी पिन त्याला पुरेशी आहे.

हल्लीच्या छोट्या बॉक्सवर तीन वेगळ्या भोकांऐवजी हेडफोनसारखं एकच भोक असतं आणि त्यात लावायच्या वायरीला दुसऱ्या टोकाला तीन पिना असतात. या वायरी दिसायला सारख्या, पण आतली जोडणी एकसारखी असेलच असं नाही. दुसऱ्या यंत्राची वायर लावल्यावर चित्राऐवजी गुणगुण ऐकू आली, तर बॉक्स बिघडला असं समजू नका. बॉक्ससोबत आलेलीच वायर वापरा.

पिवळ्या पिनेहून वाईट एकच जोडणी आहे: बॉक्समधून निघालेली जाड केबल थेट टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावून ठरावीक क्रमांकाची वाहिनी लावणं. त्यात आधीच मिसळलेलं चित्र आवाजासह पुन्हा एका लहरीवर चढवलं जातं. दुसरा काहीच मार्ग नसेल तरच ते करावं.

पिवळी पिन आणि एचडीएमआय, म्हणजे चित्र अंकांच्याच रूपात नेणारी सपाट जोडणी, यांच्यामध्ये काही पायऱ्या आहेत. एस-व्हिडिओच्या गोल, चार काड्यांच्या पिनेत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात. त्यामुळे इंद्रधनुष्य आणि सरपटणारे ठिपके जातात, पण दर्जा साधाच राहतो. युरोपातल्या जुन्या संचांवर स्कार्ट नावाची रुंद, २१ पिनांची जोडणी असते. तिच्यातून लाल, हिरवा, निळा असे तीन रंग वेगळे जाऊ शकतात किंवा नुसतं कॉम्पोझिट. काय पाठवायचं हे बॉक्सच्या मेन्यूत ठरतं, आणि तिथे आरजीबी निवडलं तर साध्या दर्जाचं चित्रसुद्धा चकित करण्याइतकं सुधारतं. हिरव्या, निळ्या आणि लाल अशा तीन पिनांची कॉम्पोनंट वायर एचडी चित्र नेऊ शकते. लहरींचा फेरा तिच्यात चुकत नाही, तरी टीव्हीवर चालू एचडीएमआय नसेल तर हा उत्तम पर्याय आहे. फक्त त्यात आवाजाच्या दोन पिना वेगळ्या लावाव्या लागतात आणि त्यांतलीही एक लालच असते, तेव्हा दोन लाल पिनांची अदलाबदल होऊ देऊ नका. चित्र कृष्णधवल आलं तर बहुधा हिरवी पिन बरोबर बसली आहे आणि निळी-लाल चुकली आहेत, कारण उजेड-अंधार सगळा हिरवीतून जातो.

एचडीएमआय काय करतं, आणि काय करत नाही

एचडीएमआयचं पहिलं मानक डिसेंबर २००२ मध्ये आलं. सपाट, १९ पिनांच्या या जोडणीतून बॉक्सने उलगडलेले पिक्सेल अंकांच्याच रूपात टीव्हीपर्यंत जातात, आणि आवाजही त्याच वायरीतून जातो. लहरींचा फेरा संपला, मिसळणं आणि निवडणं संपलं, छोटं करणंही संपलं. घरी एकच बदल करायचा असेल तर हा करा. बाकी सगळं त्यानंतर.

जोडल्यानंतरचं एक छोटं काम बऱ्याचदा राहून जातं. रिमोटवरचं सोर्स किंवा इनपुट बटण दाबून टीव्हीला एचडीएमआयवर आणावं लागतं. जुनी तीन पिनांची वायर तशीच राहिली असेल, तर टीव्ही एव्हीवरच, म्हणजे त्या जुन्या जोडणीवरच, थांबतो, चित्र दिसत राहतं, आणि नवी वायर लावूनही काही फरक पडला नाही असं वाटतं. म्हणून जुनी वायर काढून टाका, म्हणजे घोळच राहत नाही.

आता वायरीच्या किमतीबद्दल. सोन्याचा मुलामा, जाड विणलेलं आवरण, "अधिक ठळक रंग" असं वेष्टनावर छापलेलं, हे सगळं चित्राच्या दर्जाशी संबंधित नाही. एचडीएमआयमधून अंक जातात. ते नीट पोहोचले तर चित्र जसं पाठवलं तसं दिसतं. नीट पोहोचले नाहीत तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, चित्र क्षणभर जातं-येतं किंवा येतच नाही. "जरासं धूसर" किंवा "रंग थोडे फिके" हा वायरीचा दोष असूच शकत नाही, त्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागतं. महागड्या वायरीने चित्र सुधारतं असं सांगून ती विकली जाते याचा मला फार राग येतो, कारण तेच पैसे माणूस खऱ्या उपयोगाच्या गोष्टीवर घालू शकला असता.

वायरीत फरक असतो तो क्षमतेचा. ७२०पी किंवा १०८०आय एचडी चित्राला (या नावांचा अर्थ पुढे येतो) एचडीएमआयवर सेकंदाला साधारण २.२ गिगाबिट लागतात, पूर्ण १०८०पीला साधारण ४.५ गिगाबिट. हाय स्पीड श्रेणीची वायर १०.२ गिगाबिटपर्यंत तपासलेली असते, प्रीमियम हाय स्पीड १८ पर्यंत आणि अल्ट्रा हाय स्पीड ४८ पर्यंत. एचडी बॉक्सला पहिली श्रेणी भरपूर झाली, फोरके बॉक्सला दुसरी. तिसरी विकत घेण्याचं कारण सेट-टॉप बॉक्स तरी देत नाही. लांबी गरजेपुरतीच ठेवा. लांब वायरीत सिग्नल क्षीण होतो, आणि फोरकेला ते लवकर जाणवतं. भिंतीजवळ वायर काटकोनात मुडपू नका, टीव्हीमागचं भोक ढिलं होतं.

टीव्ही आणि बॉक्स जोडले गेले की चित्र सुरू होण्याआधी त्यांच्यात एक देवाणघेवाण होते. टीव्ही आपली क्षमता बॉक्सला कळवतो, आणि बॉक्स टीव्हीकडून एचडीसीपी नावाच्या नक्कल-विरोधी कुलपाची खातरजमा करून घेतो. ही खातरजमा फसली की पडदा काळा राहतो किंवा इशारा झळकतो. तेव्हा दोन्ही यंत्रं वीजबटणापासून बंद करा, वायर काढून परत घट्ट लावा, आधी टीव्ही आणि मग बॉक्स सुरू करा. बहुतेक वेळा एवढ्याने काम होतं. फोरके चित्राला या कुलपाची २.२ ही आवृत्ती लागते. बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये स्पीकरसंचाचा जुना रिसीव्हर जोडला असेल आणि त्याला ती आवृत्ती कळत नसेल, तर फोरके तिथेच अडतं. मग बॉक्स थेट टीव्हीला जोडावा आणि आवाज टीव्हीतून रिसीव्हरकडे न्यावा.

फोरके बॉक्स असेल तर आणखी एक कुलूप टीव्हीच्या मेन्यूत असतं. अनेक टीव्हींमध्ये एचडीएमआयच्या भोकाची पूर्ण क्षमता मुळात बंद ठेवलेली असते. सॅमसंगमध्ये इनपुट सिग्नल प्लस, एलजीमध्ये अल्ट्रा एचडी डीप कलर, सोनीमध्ये सिग्नल फॉरमॅटखाली एनहान्स्ड अशा नावांनी ती ज्या भोकात बॉक्स लावलाय त्याच्यापुरती सुरू करावी लागते.

बाजारात मिळणाऱ्या एका छोट्या डबीबद्दल सावध करायला हवं. एका बाजूला तीन पिना, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, आणि वर छापलेलं "१०८०पी". जुन्या, एचडीएमआय नसलेल्या बॉक्सचं चित्र एचडी करून देते असा समज त्यामुळे होतो. ती डबी साधं चित्रच ताणून मोठं करते. टीव्हीवर १०८० हा आकडा दिसतो, तपशील मात्र तेवढाच राहतो. टीव्हीही हेच ताणण्याचं काम करतो, आणि बहुधा अधिक चांगलं करतो. टीव्हीवर एव्ही जोडणीच नसेल तरच ही डबी कामाची.

बॉक्सचा मेन्यू

वायर बदलली की काम झालं असं समजून बहुतेक जण इथे थांबतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. अनेक बॉक्स एचडीएमआय जोडल्यावरही जुन्याच सेटिंगवर चालत राहतात, म्हणजे एचडी चित्र ५७६ किंवा ४८० रेषांचं करून पाठवतात. रिमोटवर मेन्यू दाबा, सेटिंगमध्ये जा, व्हिडिओ किंवा डिस्प्ले असं काही दिसेल, त्यात रिझोल्यूशन शोधा. तिथे ५७६आय, ५७६पी, ७२०पी, १०८०आय, १०८०पी असे पर्याय असतात.

आकडा म्हणजे रेषांची संख्या. त्यामागचं अक्षर सांगतं, रेषा कशा येतात. पी असेल तर दर वेळी पूर्ण चित्र येतं. आय असेल तर आधी एक, तीन, पाच अशा विषम रेषा आणि मग दोन, चार, सहा अशा सम रेषा. १०८०आयमध्ये सेकंदाला ५० किंवा ६० वेळा ५४० रेषांचं अर्धं चित्र येतं. सपाट पडद्याला पूर्ण चित्रच दाखवता येतं, म्हणून कुणीतरी या अर्ध्या चित्रांची जोडणी करावी लागते. काही हलत नसेल तेव्हा हे सोपं असतं. चेंडू धावत असेल तर दोन अर्ध्यांमध्ये तो पुढे सरकलेला असतो, आणि जोडणी ढोबळ असली की त्याच्या कडेला करवतीच्या दातांसारखे ओरखडे दिसतात.

प्रसारकांनीही यातून वेगवेगळ्या वाटा निवडल्या. अमेरिकेत एबीसी, फॉक्स आणि ईएसपीएन यांनी ७२०पी घेतलं, कारण खेळाच्या वेगवान हालचालीला पूर्ण चित्रं मानवतात. सीबीएस आणि एनबीसी यांनी अधिक रेषांसाठी १०८०आय घेतलं. दोन्ही निर्णयांना तांत्रिक आधार आहे. आपल्यासाठी महत्त्वाचं इतकंच की वाहिनी ज्या रूपात आली त्याच रूपात ती टीव्हीपर्यंत गेली, तर एक बदल वाचतो.

म्हणून मेन्यूत नेटिव्ह, ओरिजिनल किंवा सोर्स असा पर्याय असेल तर आधी तो लावून पाहा. बॉक्स मग काहीही न बदलता चित्र पुढे देतो आणि जोडणं, ताणणं ही सगळी कामं टीव्ही एकदाच करतो. टीव्हीतली यंत्रणा याच कामासाठी बनवलेली असते आणि बहुधा बॉक्सपेक्षा सरस असते. याची किंमत एवढीच की वाहिनी बदलताना पडदा क्षणभर काळा होतो. तो सहन होत नसेल, किंवा हा पर्यायच नसेल, तर तुमच्या बहुतेक एचडी वाहिन्या ज्या रूपात येतात ते रूप कायमचं ठेवा. ते माहीत नसेल तर १०८०आय लावून एखादा सामना आणि बातम्यांची खाली सरकणारी पट्टी बघा, मग १०८०पी लावून तेच बघा. कडा ज्यात स्वच्छ दिसतील ते तुमच्या टीव्हीसाठी योग्य. पहिल्या पर्यायात जोडणी टीव्ही करतो, दुसऱ्यात बॉक्स, आणि त्या दोघांत कोण सरस हे असं डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

रिमोटवर माहितीचं बटण दाबल्यावर टीव्ही १०८० दाखवतो याचा अर्थ वाहिनी एचडी आहे असा होत नाही. बॉक्सकडून काय आलं एवढंच तो आकडा सांगतो. साधी वाहिनी बॉक्सने ताणून पाठवली तरी आकडा तोच दिसतो. त्यामुळे तपासणी करताना एचडी वाहिनीच लावा, आणि केस, गवत, बारीक अक्षरं यांच्याकडे बघा.

याच मेन्यूत ५० किंवा ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, असा पर्याय कधी कधी असतो. जिथे प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आहे तिथे बॉक्स ६० वर ठेवला, तर सेकंदाला दहा जादा चित्रं कुठून तरी आणावी लागतात. बहुधा दर पाचवं चित्र दोनदा दाखवून ती भरली जातात. मग मैदानावरून फिरणारा कॅमेरा आणि सरकणारी पट्टी ठरावीक लयीत अडखळते. टीव्ही जुना झाला असं समजून ही अडखळ वर्षानुवर्षं सोसली जाते, आणि ती एका बटणाने जाते.

चित्राच्या रुंदीचंही तसंच. बॉक्समध्ये १६:९ निवडा आणि जुने ४:३ कार्यक्रम दोन्ही कडांना काळी पट्टी ठेवून मूळ आकारात दिसतील असं ठेवा. बॉक्सही ताणतो आणि टीव्हीही ताणतो अशी वेळ आली, की माणसं बुटकी आणि रुंद दिसू लागतात. मला हे अजिबात बघवत नाही. कलाकाराने आणि छायाचित्रकाराने विचार करून उभी केलेली चौकट पट्ट्या नकोत म्हणून मोडण्यात काय मिळतं?

टीव्हीने करू नयेत अशा गोष्टी

काचेच्या पडद्याच्या काळात चित्राच्या कडा चौकटीआड दडलेल्या असत, म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा कापत. सपाट पडद्याला त्याची काहीच गरज नाही, तरी अनेक टीव्ही सवयीने तेच करतात. १९२० गुणिले १०८० चं चित्र त्याच आकाराच्या पडद्यावर जसंच्या तसं बसू शकतं. ते काही टक्के फुगवलं की एकेका पिक्सेलचा हिशोब बिघडतो आणि सगळं चित्र मऊ पडतं. चित्राच्या आकाराच्या मेन्यूत एलजीमध्ये जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये स्क्रीन फिट, सोनीमध्ये फुल पिक्सेल या नावांनी ही कापाकापी बंद करता येते. वाहिनीचा कोपऱ्यातला शिक्का थोडा आत सरकलेला दिसला की समजा, झालं. क्वचित एखाद्या वाहिनीच्या वरच्या कडेला बारीक चमकती रेघ दिसू लागेल, तिची काळजी नको.

शार्पनेस या सेटिंगने तपशील वाढत नाही. कडांच्या बाजूला पांढरी किनार आखून चित्र रेखीव असल्याचा भास ते निर्माण करतं, आणि दाबलेल्या चित्रातले चौकोनही त्याबरोबर उठून दिसतात. ते हळूहळू कमी करत न्या आणि किनार नाहीशी होईल तिथे थांबा. सुरुवातीला चित्र पचपचीत वाटेल, पण डोळ्यांना थोडा वेळ द्या. व्हिविड किंवा डायनॅमिक मोड दुकानातल्या झगझगीत उजेडासाठी असतो. घरी मूव्ही किंवा सिनेमा मोड ठेवला तर त्वचा त्वचेसारखी दिसते. २०१९ मध्ये जाहीर झालेला फिल्ममेकर मोड असेल तर तो अनावश्यक प्रक्रिया एका झटक्यात बंद करतो. चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागला असेल तर मोशन नावाची सुविधा बंद करा. सामन्यांसाठी ती हवी असेल तर ठेवा, तिथे माझा आग्रह नाही.

काळा रंग राखाडी दिसत असेल किंवा अंधाऱ्या दृश्यातलं सगळं काळ्यात बुडून जात असेल, तर बॉक्स आणि टीव्ही यांच्यात काळ्याच्या पातळीवरून मतभेद आहे. टीव्हीच्या प्रक्षेपणात काळ्याचा अंक १६ आणि पांढऱ्याचा २३५ असतो, तर संगणकाच्या पद्धतीत ० ते २५५. दोन्ही यंत्रांवर ही पातळी ऑटो किंवा लिमिटेड ठेवा. ही सगळी सेटिंग बहुतेक टीव्हींमध्ये भोकागणिक वेगळी साठवली जातात, तेव्हा बॉक्स दुसऱ्या एचडीएमआयमध्ये हलवलात तर ती पुन्हा करावी लागतील.

भिंतीतून येणारी वायर

एवढं सगळं करूनही पावसात, फुलं उधळताना किंवा प्रेक्षकांच्या गर्दीवर कॅमेरा फिरताना चित्राचे चौकोन होत असतील, तर तुमच्या जोडणीत दोष नाही. उलगडलेलं एचडी चित्र सेकंदाला साधारण एक गिगाबिट जागा घेतं. वाहिनी घरी येते ती काही मेगाबिटांत, म्हणजे शंभरपट किंवा त्याहून जास्त दाबून. हे दाबण्याचं काम चित्राचे छोटे चौकोन पाडून होतं. हालचाल थोडी असते तोवर ते लपून राहतात. सगळं चित्र एकदम बदलू लागलं की दिलेली जागा पुरत नाही आणि चौकोन उघडे पडतात. वाहिनीला किती जागा द्यायची हे पाठवणारे ठरवतात, घरातली कोणतीही वायर किंवा सेटिंग ते बदलू शकत नाही.

मात्र चौकोनांबरोबर आवाजही तुटत असेल, चित्र गोठून पुन्हा पुढे जात असेल, आणि हे शांत दृश्यातही घडत असेल, तर बॉक्सपर्यंत येणारा सिग्नलच क्षीण आहे. अंकांचा सिग्नल जुन्यासारखा मुंग्या दाखवत हळूहळू खराब होत नाही. एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष असतं आणि त्याखाली गेलं की एकदम कोसळतं. बॉक्सच्या मागची जाड केबल आट्यांवर पूर्ण फिरवून घट्ट बसली आहे का ते बघा, मधली तांब्याची तार वाकलेली किंवा हिरवट पडलेली नाही ना तेही बघा. वाटेत एका केबलचे फाटे करणारा स्प्लिटर असेल तर तो काढून केबल थेट बॉक्सला लावून पाहा, कारण दोन फाट्यांचा साधा स्प्लिटरसुद्धा सुमारे साडेतीन डेसिबल, म्हणजे अर्ध्याहून जास्त ताकद खातो. स्प्लिटर काढल्यावर चित्र सुधारलं तर दुसऱ्या खोलीसाठी वेगळी केबल मागून घ्या. नाही सुधारलं तर बॉक्सच्या मेन्यूतला सिग्नलची ताकद आणि दर्जा दाखवणारा पडदा उघडा, तिथले आकडे लिहून घ्या आणि तक्रार करताना तेच सांगा.